नळाला क्षाराचं पाणी: पांढरा थर पुन्हा पुन्हा का बसतो आणि तो कुठे अडवायचा

शॉवरची जाळी पंधरा दिवसांपूर्वी घासून लख्ख केलेली असते आणि आज बघावं तर तिची अर्धी भोकं पुन्हा बुजलेली. नळाच्या बुडाशी पांढरी कड. काचेचे पेले धुतले तरी धुरकट, टॉवेल वाळला की पुठ्ठ्यासारखा कडक, आणि गिझरची कॉईल बदलून वर्ष होत नाही तोच ती पुन्हा जळते. नळाचं पाणी क्षाराचं असलं की या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच असतं. आपण मात्र प्रत्येकीशी वेगळं झगडत बसतो. जाळीला व्हिनेगर, टॉवेलला जास्तीची पावडर, गिझरला नवी कॉईल. माझ्या घरात हे चक्र बरीच वर्षं चाललं. पाण्याचा आकडा काढला आणि घरातल्या नेमक्या कोणत्या जागी इलाज करायचा हे ठरवलं, तेव्हा ते थांबलं. तोच क्रम इथे लिहितो आहे.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही ते. घरात आपण जड पाणी किंवा क्षाराचं पाणी म्हणतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकांतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. म्हणून विहिरीचं आणि बोअरचं पाणी बहुधा नदी-तलावापेक्षा जड असतं. हा जडपणा मिलिग्रॅम प्रति लिटर असा मोजतात, जणू सगळा क्षार कॅल्शियम कार्बोनेटच आहे असं धरून. ६० पर्यंत मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फार जड, अशी एक नेहमी वापरली जाणारी वर्गवारी आहे.

आकडा लहान वाटतो, म्हणून एक हिशेब करून पाहा. जडपणा ३०० असेल आणि घरात दिवसाला ५०० लिटर पाणी वापरलं जात असेल, तर रोज १५० ग्रॅम क्षार नळातून घरात येतो. महिन्याला साडेचार किलो. त्यातला बहुतेक सांडपाण्याबरोबर निघूनही जातो. मागे उरतो तो मुख्यतः तीन ठिकाणी: पाणी जिथे तापतं, जिथे वाळतं आणि जिथे ते साबणाला भेटतं. बंद, गार पाइपात साधारणपणे फारसं काही बसत नाही. ही गोष्ट लक्षात आली की घरभराच्या पाण्याची धास्ती कमी होते आणि काम या तीन जागांपुरतं उरतं.

आधी खात्री करा की दोष क्षाराचाच आहे

पांढरं दिसलं की क्षार, असं नसतं. नळातून दुधासारखं पाणी आलं तर ते काचेच्या पेल्यात घेऊन मिनिटभर थांबा. पेला खालून वरच्या दिशेने स्वच्छ होत गेला तर ती नुसती हवा आहे आणि तिचा जडपणाशी काही संबंध नाही. तांबूस डाग लोहाचे असतात, काळपट बुळबुळीत थर बहुतेकदा मँगनीजचा. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

खडखडीत पांढऱ्या थरावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर तो कार्बोनेटचा थर, आणि तो सौम्य आम्लाने निघेल. काहीच झालं नाही तर थर जिप्समचा किंवा सिलिकाचा असू शकतो. तिथे तासन्‌तास व्हिनेगर ओतून उपयोग नाही. तिसरी शक्यता साबणाच्या साक्याची. तो नखाने खरवडला की मेणासारखा निघतो.

धुरकट पेल्यालाही हीच कसोटी लावा. व्हिनेगरने पुसून काच स्वच्छ झाली तर वर थर होता. तशीच राहिली तर काचच झिजलेली आहे आणि ती आता परत चमकणार नाही.

पाण्याची धार कमी झाली असेल तर आधी कुठल्या नळाला ते बघा. एकाच नळाला कमी असेल तर त्याच्या तोंडाची जाळी बुजली आहे. सगळ्या नळांना गरम पाण्यालाच कमी असेल तर गिझरकडे जा. गरम-गार दोन्हींना, घरभर कमी असेल तर टाकीपासूनच्या मुख्य लाइनवरचा व्हॉल्व्ह किंवा गाळणी तपासा. प्लंबरला बोलावण्याआधी एवढं बघून ठेवलं तर त्याचा आणि तुमचा अर्धा दिवस वाचतो. जाळीत पांढरे कण सापडले तर तेही व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. फसफसून विरघळले तर गिझरमधली खपली. जसेच्या तसे राहिले तर कुठल्यातरी प्लास्टिकच्या भागाचा चुरा. बारीक, गोल, पिवळसर मणी निघाले तर सॉफ्टनरची, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या यंत्राची, जाळी फाटून आतलं रेझिन बाहेर येतंय.

आकडा काढा, आणि टीडीएस मीटरवर थांबू नका

पाण्यात पेन बुडवून जो आकडा दाखवतात तो जडपणाचा नसतो. टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचा अंदाज देतो. त्यात सोडियम आलं, क्लोराइड आलं. साध्या मिठाने खारट झालेल्या पाण्याचा टीडीएस भरपूर असेल, पण त्याचा गिझरमध्ये दगड होणार नाही. उलट सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास आधीइतकाच राहतो, कारण तिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. आकडा उतरला नाही म्हणून सॉफ्टनर चालत नाही, असं समजून लोक चालू यंत्र बंद करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जडपणा मोजायला थेंबांचं किट मिळतं. ठरावीक पाण्यात रंगद्रव्य टाकलं की ते वाइनसारखं लालसर होतं. मग एकेक थेंब मोजत टाकायचा, रंग स्वच्छ निळा झाला की थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. प्रयोगशाळेतही ईडीटीए नावाचं रसायन वापरून हीच तपासणी होते.

किट नसेल तर तीन झाकणाच्या बाटल्या घ्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत नळाचं पाणी, तिसरीत नळाचंच पण उकळून, गार करून, गाळलेलं. तिन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. साबण खरा हवा. भांडी घासायचं लिक्विड किंवा शाम्पू घेतलात तर तिन्हींत फेस येईल आणि काही कळणार नाही, कारण ती कृत्रिम प्रक्षालकं आहेत. फेसातला फरक नजरेलाच दिसतो.

तिसरी बाटली सगळ्यांत महत्त्वाची. जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटचा जडपणा तात्पुरता. पाणी उकळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. सल्फेट आणि क्लोराइडचा जडपणा उकळून जात नाही, म्हणून तो कायमचा. उकळलेल्या बाटलीत फेस चांगला वाढला तर तुमचा त्रास प्रामुख्याने तात्पुरत्या जडपणाचा आहे, आणि तुमच्या गिझरला धोका जास्त आहे. किटने मोजत असाल तर दहा-पंधरा मिनिटं उकळून गाळल्यावर जेवढं पाणी आटलं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालून माप पूर्ववत करा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

गिझर

नुकसान सगळ्यांत मोठं होतं ते इथे, म्हणून इथे जरा थांबतो.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी जितकं गरम, तितकं ते बाहेर पडतं. कॉईलचा पृष्ठभाग हा घरातल्या पाण्याला भेटणारा सगळ्यांत गरम भाग, म्हणून थर तिथेच चढतो. हा थर उष्णता फार वाईट वाहतो, तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी.

विजेच्या गिझरबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. थरामुळे विजेचं बिल दुप्पट होतं असं सांगतात. कॉईल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे बिलात तेवढा फरक पडत नाही. फरक पडतो तो कॉईलच्या स्वतःच्या तापमानाला. उष्णता बाहेर जायला अडथळा आला की ती आतून जास्त तापते आणि एक दिवस जळते किंवा तिला चीर पडते. गॅसच्या गिझरमध्ये मात्र थराने अडवलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते, म्हणून तिथे इंधन खरोखर वाया जातं आणि बारीक नळ्या चोंदतात त्या वेगळ्या.

गिझर तापताना आतून टकटक, गडगड असा आवाज येत असेल तर थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होतेय. पाणी कोमट असतानाच गिझर बंद पडत असेल तर थर्मोस्टॅट थरात गाडला गेला आहे का हे बघायला सांगा. आणि सुरक्षा व्हॉल्व्ह! तो क्षाराने चिकटला तर दाब बाहेर पडायची वाटच बंद होते. बाकीचं सगळं पुढे ढकलता येईल, हा व्हॉल्व्ह मोकळा आहे की नाही ही तपासणी पुढे ढकलू नका.

साफसफाईसाठी गिझर उघडणं हे माहीतगार माणसाचं काम. वीज मुख्य स्विचवरून बंद, टाकी पूर्ण रिकामी, मग कॉईल बाहेर. ती लिंबूफुलाच्या, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या, कोमट पाण्यात ठेवली की खपल्या सुटतात. स्क्रूड्रायव्हरने ठोकून खपली पाडायला देऊ नका. आतल्या काचेच्या अस्तराला तडा गेला की टाकी गंजायला सुरुवात होते. त्याच वेळी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) किती उरलाय ते बघून घ्या आणि गॅस्केट नवं बसवा. माझ्याकडे आलेल्या एका कारागिराने कॉईल बदलली, पण तळाशी साठलेला चुरा तसाच ठेवला. नवी कॉईल त्या चुऱ्यातच रुतून बसली आणि काही महिन्यांत गेली. तेव्हापासून टाकीच्या तळाला हात फिरवल्याशिवाय मी गिझर बंद करू देत नाही.

तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नका, थर बसण्याचा वेग त्याने बराच कमी होतो. पण साठवणीच्या गिझरमध्ये ते फार खालीही उतरवू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात फुप्फुसाचा संसर्ग करणारे लिजिओनेला जंतू वाढतात. ५५ ते ६० ही मधली जागा बरी. सौर हीटर असेल तर त्याच्या नळ्यांची पाहणीही याच यादीत धरा, तिथेही पाणी तापतंच.

नळ, शॉवर, किटली

जाळी निघत असेल तर काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा. निघत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरला बांधा. किटलीसाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल. पाणी कडकडीत करायचा मोह टाळा. लिंबूफुलाच्या तीव्र, गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा साका तयार होतो आणि तो निघता निघत नाही.

संगमरवरावर व्हिनेगर, लिंबूफूल, काहीही आम्ल पडू देऊ नका. संगमरवर हासुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच आहे, थराबरोबर फरशीही विरघळेल. क्रोमचे नळ रात्रभर भिजत ठेवू नका. आणि बाथरूमसाठी जे तीव्र ‘अ‍ॅसिड’ मिळतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते थर काढतं खरं, पण त्याबरोबर स्टीलला खड्डे पाडतं, फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि त्याची वाफ छातीत जाते. कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एक वापरल्यावर दुसरं त्याच दिवशी वापरूच नका.

एवढं करूनही थर परत येणारच, कारण पाणी तेच आहे. तो लांबवायचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी वाळू न देणं. आंघोळ झाली की काच आणि नळ कोरड्या फडक्याने पुसले तर क्षार फडक्यात जातो. आमच्याकडे नळावरचं फडकं हा नियम झाला आणि शॉवर घासण्याचं काम पंधरा दिवसांवरून तीन महिन्यांवर गेलं. ठिबकणारा नळ आधी दुरुस्त करा. ठिबक आणि पांढरी कड ही जोडगोळी आहे.

कपडे आणि आंघोळ

साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार. कॅल्शियम भेटलं की तो न विरघळणारा कॅल्शियमचा साबण होतो, आणि तोच बादलीला चिकटणारा राखाडी साका. साबणाचा पहिला हप्ता असा पाण्यातलं कॅल्शियम संपवण्यातच खर्च होतो, त्यानंतर कुठे फेस सुरू होतो. धुण्याच्या पावडरीत झिओलाइट, सोडा, सायट्रेट असे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. ते कॅल्शियम अडवून ठेवतात, म्हणून जड पाण्यात साध्या साबणापेक्षा पावडर बरी. पाकिटावर जड पाण्याचं वेगळं माप दिलं असेल तर तेच वापरा. अंदाजाने ओतलेली जादा पावडर कपड्यातच राहते आणि टॉवेल आणखी कडक होतो.

हाताने, साबणाने धुणाऱ्यांसाठी धुण्याचा सोडा अजूनही उत्तम. खाण्याचा सोडा नव्हे. जडपणा ३०० असेल तर २० लिटरच्या बादलीला सुक्या पांढऱ्या भुकटीचा सोडा ६ ते ७ ग्रॅम लागतो. पाणी धरलेल्या खड्यांचा सोडा असेल तर साधारण १७ ग्रॅम. तो आधी विरघळवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, साका बसू द्या आणि वरचं पाणी अलगद घेऊन मग साबण लावा. घाईने कपडे लगेच टाकलेत तर तोच साका धाग्यांत बसतो. लोकर आणि रेशीम यापासून लांब ठेवा, हातांनाही मोजे घाला. वॉशिंग मशीनच्या मागे पाणी आत येतं तिथली बारीक जाळी दोन-तीन महिन्यांनी काढून धुवा. ‘पाणी येत नाही’ असा इशारा अनेकदा तिच्यामुळेच येतो.

केस राठ होणं, त्वचा ओढल्यासारखी वाटणं यात बराच वाटा अंगावर राहिलेल्या साबणाच्या साक्याचा असतो. साबणाऐवजी साबणविरहित क्लीन्झर वापरून पाहा, शेवटचा तांब्या मृदू पाण्याचा घ्या. एक्झिमा मात्र सॉफ्टनरने बरा होईल या आशेवर यंत्र घेऊ नका. इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर याची रीतसर चाचणी झाली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सॉफ्टनर बसवलेल्या घरांतल्या मुलांच्या एक्झिमात त्यामुळे जास्तीचा फरक पडला नव्हता.

ज्याने काम होत नाही

तुरटी गढूळपणा बसवते, जडपणा काढत नाही. उलट तुरटीतलं सल्फेट बायकार्बोनेटची जागा घेतं आणि तात्पुरत्या जडपणाचा काही भाग कायमचा होऊन बसतो. यूव्ही, कार्बन, कापडी गाळणी यांचाही जडपणाशी संबंध नाही, कारण क्षार पाण्यात विरघळलेला असतो. पाइपावर चिकटवायच्या चुंबकांवर माझा विश्वास नाही. त्यांच्या आधीचं आणि नंतरचं पाणी किटने मोजून बघा, थेंब तेवढेच लागतात.

सॉफ्टनर घ्यावा का?

आकडा २०० च्या खाली असेल तर फडकं, सोडा आणि वर्षातून एकदा गिझर उघडणं एवढ्यावर भागतं, असं माझं मत. ३०० च्या पुढे असेल, घर मोठं असेल, तर रेझिनच्या सॉफ्टनरचा विचार करा. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करायचं. लिटरभर रेझिन एका फेरीत साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. वरच्या हिशेबातल्या घराला २० लिटर रेझिन म्हणजे सहा-सात दिवसांची एक फेरी. विकणारा ‘महिनाभर मीठ नको’ म्हणाला तर हा गुणाकार त्याच्यासमोर करा. पाण्यात लोह असेल तर ते आधी काढावं लागतं, नाहीतर रेझिन गंजाने माखतं.

प्रत्येक १०० मिलिग्रॅम जडपणामागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ३०० च्या पाण्यात ते १३८ होतं. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल किंवा तान्ह्या बाळाचं दूध बनवायचं असेल, तर हे पाणी वापरू नका. म्हणून स्वयंपाकघरातला गार पाण्याचा एक नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवून घ्या. झाडांनाही तेच मूळ पाणी घाला, सोडियमने माती घट्ट होत जाते.

पिण्यासाठी जड पाणी वाईट, ही भीती मात्र सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. आरओ घ्यायचा की नाही हे चव, एकूण क्षार आणि इतर दूषितं यांवरून ठरवा. तो लावलात तर त्याच्या टाकाऊ पाण्यात क्षार अधिकच दाट होतो हे ध्यानात असू द्या. त्याने फरशी पुसली तर वाळल्यावर पांढरे पट्टे दिसतात. संडासात ओतायला ते ठीक.

एवढं करूनही त्रास मधूनच वाढला तर

शहराचा पाणीपुरवठा बऱ्याचदा दोन-तीन स्रोतांवर चालतो. धरणाचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात आणि जडपणा एका आठवड्यात चढतो. सॉफ्टनरची फेरी जुन्या आकड्यावर बेतलेली असेल तर शेवटचे दोन दिवस जड पाणीच घरात येतं आणि दोष यंत्रावर जातो. पाणीपुरवठा विभाग नमुन्यांची तपासणी करतच असतो. तिथे लेखी अर्ज देऊन आपल्या भागाचा एकूण जडपणा विचारा, आणि तो कोणत्या महिन्यातला हेही विचारा. गावपातळीवर चुना घालून पाणी मृदू करण्याची पद्धत थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पेटंट केली होती, ती आजही वापरात आहे. मागणी करायला संकोच वाटायचं कारण नाही.

घरी मी मीटरच्या कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, नळाचा आकडा, सॉफ्टनरनंतरचा आकडा, गिझर कधी उघडला, एवढंच. नळाचा आकडा चढला की फेरी अलीकडे आणतो. नळाचा तोच आणि सॉफ्टनरनंतरचा वाढलेला दिसला, तर आधी मिठाची टाकी उघडून पाहतो. मीठ वर कडक होऊन खाली पोकळी झालेली असते. लाकडी दांड्याने ते फोडलं आणि एक फेरी चालवली की आकडा परत खाली येतो.